सप्टेंबर ते डिसेंबर

दोन तिकिटं. एकानं भागत असताना दोन. त्यातलं दुसरं पहिल्याच्या कडेवर जरासं चढलेलं, अंगठ्यानं दाबून दाबून बसवलेलं... आणि मधोमध तिचं नाव, मोठ्या सुट्या अक्षरांत, पट्टी धरून लिहिल्यासारखं सरळ : मार्लिस किवेला. खाली बेकरीवरच्या खोलीचा पत्ता. पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं, आणि त्याची गरजही नव्हती. साध्या पत्राला दोन तिकिटं लावणारा माणूस अख्ख्या इश्पेमिंग गावात एकच, आणि त्याच्याबरोबर तिनं एकतीस वर्षं संसार केला होता. आर्विडचा पोस्टावर विश्वास नाही, बँकेवर नाही, दोरीच्या एका गाठीवर नाही. बोट धक्क्याला बांधली की गाठीवर गाठ, आणि तरी अर्ध्या वाटेवरून परत जाऊन ओढून बघायचं. ती गाडीत बसून वाट बघत राहायची – चिडून नाही, पहिली काही वर्षं तर कौतुकानंच – आणि तो परत येऊन काही न बोलता गाडी सुरू करायचा.

"पाकीट वाचून झालं असेल तर आतला कागद दे, बाई," ट्रेम्बाथ सर म्हणाले.

लायब्ररीच्या मागच्या खोलीत मार्चभर दर मंगळवारी आणि गुरुवारी ही निवृत्त मंडळी टेबलं मांडून बसत आणि गावाचे कराचे फॉर्म फुकट भरून देत. ट्रेम्बाथ सरांनी तिला शाळेत गणित शिकवलं होतं. आता ते ऐंशीच्या पुढे गेले होते, कानात यंत्र होतं, पण समोरचा माणूस चुकणारच अशी खात्री असलेली ती नजर तशीच. तिनं कागद दिला. डाव्या हातानं. हल्ली सगळं डाव्या हातानंच.

कागद म्हणजे झेरॉक्स होती, कडेला काळी पट्टी आलेली. चिठ्ठी नाही, 'कशी आहेस' नाही. तिनं पाकीट घरी दोनदा झटकून बघितलं होतं – लाज वाटली होती झटकताना, एकटीच होती तरी.

"हं. विमा," सर म्हणाले. "हे बघ, सोप्पं आहे. हप्त्यातला मोठा वाटा सरकार महिन्याच्या महिन्याला परस्पर विमा कंपनीला भरत होतं. आजवर तुम्ही दोघं मिळून एकच फॉर्म भरायचात, तेव्हा कुणाचं किती हा प्रश्नच नव्हता. आता फॉर्म दोन आणि विम्याचा कागद एक. मग त्या मदतीची वाटणी करायची. शून्यापासून शंभरापर्यंत कुठलाही टक्का लिहा, सरकारची ना नाही. फक्त तुझा आणि त्याचा मिळून शंभर भरले पाहिजेत. म्हणजे दोघांनी बोलून ठरवायचं."

"आणि नाही बोललो तर?"

"भांडलात तर अर्धं-अर्धं. सरकारला काय, हात झटकून मोकळं."

"आम्ही भांडत नाही, सर."

तेच तर. भांडत असते तर काडीमोड झाला नसता, असं तिला कितीदा वाटलं होतं. एकतीस वर्षं तो माणूस तोंडात मिठाची गुळणी धरून बसला. वाईट नव्हता. दारू नाही, बाई नाही, हात उगारणं तर सोडाच. अंगणातल्या शेडमध्ये लोकांच्या स्नोमोबाइल दुरुस्त करायचा, सहाला आत यायचा, जेवायचा, रेडिओ ऐकायचा. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे घरात आवाज म्हणजे रेडिओचा आणि तिचा. मग हळूहळू तिनंही बोलणं सोडलं, कुणाला फरक पडतो का ते बघायला. सहा दिवस. सातव्या दिवशी तो म्हणाला, मीठ संपलंय. त्या दिवशी तिला कळलं की आपण या घरात आहोत की नाही हे या माणसाला ठाऊकच नाही... आणि एकदा तसं कळलं, की मग ते परत न कळलेलं करता येत नाही. गेल्या उन्हाळ्यात तिनंच कागद पुढे केले. त्यानं चष्मा लावला, सगळी पानं वाचली, सही केली. एवढंच विचारलं, "तुला नक्की असंच हवंय?" ती हो म्हणाली. त्यावर त्यानं मान हलवली. त्यानं नाही म्हणायला हवं होतं.

"ओळी दोन लागतील," सर पेन्सिलीनं टेबलावर टकटक करत म्हणाले. "जानेवारी ते ऑगस्ट, तुम्ही नवराबायको होतात ती. आणि सप्टेंबर ते डिसेंबर, नव्हतात ती."

"दुसरी नको, सर. ऑगस्टमध्येच संपला माझा विमा. कोर्टाच्या कागदात तसं लिहिलंय, ज्यानं त्यानं आपापला बघायचा."

"कोर्टाच्या कागदात काय लिहायचं ते लिहू देत. या कागदात काय लिहिलंय ते बघ. दहावीतही प्रश्न न वाचताच उत्तर लिहायचीस." त्यांनी कागद तिच्याकडे फिरवला आणि पेन्सिलीचं टोक टेकवलं.

आर्विड किवेला. एक जानेवारीपासून एकतीस डिसेंबरपर्यंत.

मार्लिस किवेला. एक जानेवारीपासून एकतीस डिसेंबरपर्यंत.

तिनं पुन्हा वाचलं. मग बोटानं वाचलं.

"म्हणजे... ऑक्टोबरमध्ये मला विमा होता?"

"ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. सगळा. हप्ते गेलेत ना, हे काय आकडे. का गं?"

"काही नाही," ती म्हणाली.

काही नाही कसं! ऑक्टोबरातली ती सकाळ, पहिला बर्फ पडलेला, बेकरीच्या मागचा लाकडी जिना, आणि वरून तिसऱ्या पायरीवर पाय सटकला तेव्हा ती उजव्या हातावर पडली होती. मनगटात काहीतरी बारीक वाजलं. ते तिनं ऐकलं होतं, आणि पडल्या जागी बसून पहिला विचार काय केला, तर दुखतंय असा नाही, हाड मोडलं असा नाही – आपल्याला विमा नाही, असा. या देशात पडण्याआधी माणसानं तेवढं बघून पडावं लागतं. तिनं स्वतःच तर त्या कार्डाचे कातरीनं चार तुकडे केले होते, कोर्टातून आल्या दिवशी, खोलीतल्या एकुलत्या एक खुर्चीत बसून, केवढ्या तोऱ्यात. त्याच्या नावाचं काही नको. नवा विमा बघायला साठ दिवसांची मुदत होती, ती फोन करू-करू म्हणता टळली, आणि मग जानेवारीपर्यंत वाट बघणं आलं. तिनं मनगटाला जुनी पट्टी गुंडाळली आणि खाली जाऊन कामाला लागली. पेस्टीत बटाटा, मांस आणि रुताबागाचा कंद भरायचा, वरून पारी दुमडायची आणि काठाला करंजीसारखी मुरड घालायची, दिवसाला दोनशे. दोनशे मुरडी मोडक्या मनगटानं. मालकीण थेडा म्हणाली, "अगं, हात सुजून भोपळा झालाय, दाखव कुणाला तरी." हिनं काय सांगितलं? लचकलाय.

आणि त्यानंतरचे ते तीन महिने. ते कुणाला सांगण्यासारखेच नव्हते. बर्फावरून चालताना पाऊल-पाऊल मोजून टाकायचं, भिंत धरून, खांब धरून. आंघोळीच्या टबात उतरताना आधी खाली बसायचं. छातीत जरा कफ वाजला की रात्रंदिवस ध्यान तिकडे. रस्त्यावर कुणी शिंकलं तरी पलीकडच्या फुटपाथवर जायचं. पडलो तर उचलणारं कुणी नाही आणि उचललं तर परवडणार नाही. हे वाक्य तिनं तेव्हा कुठून बनवलं कोण जाणे, पण ते जिन्याच्या प्रत्येक पायरीवर तिच्याबरोबर खाली उतरायचं. मी एकटी आहे हे मला कळायला नवऱ्याची रिकामी खुर्ची लागली नाही, रिकामं घर लागलं नाही. जिन्याच्या बारा पायऱ्या पुरल्या. आणि त्या सगळ्या काळात कुठल्याशा कंपनीच्या वहीत माझं नाव त्याच्या नावाखाली तसंच होतं. जानेवारीत स्वतःचा विमा झाल्यावर ती डॉक्टरकडे गेली, तर त्यांनी फोटो काढून सांगितलं की हाड तिरपं जुळलंय. तेव्हाच आला असतात तर प्लास्टर घातलं असतं, दीड महिन्यात मोकळ्या झाला असतात.

"तू फोन कर त्याला," सर म्हणत होते. "दोन्ही ओळींचे टक्के विचारून ये. मी तोवर रांगेतल्या या आजोबांचं बघतो."

ती बाहेर आली. लायब्ररीच्या आवारात बर्फाचे ढिगारे कडेला काळे पडले होते आणि मधे काचेसारखा गोठलेला पट्टा होता. तिनं तो सवयीनं, लहान लहान पावलं टाकत ओलांडला आणि गाडीत जाऊन बसली. हीटर लावला. फोन मांडीवर ठेवला.

ठेवलं असेल नाव मुद्दाम, की राहिलं असेल? एवढंच तर विचारायचं होतं, टक्के गेले खड्ड्यात. गाठीवर गाठ मारणारा माणूस बायकोचं नाव काढायला विसरेल? अशक्य! मग तिला ती मासिकं आठवली. त्याचे वडील वारले त्याला नऊ वर्षं झाली, तरी त्यांच्या नावानं शिकारीचं मासिक दर महिन्याला येत होतं. पैसे बँकेतून आपोआप जात होते, आणि आर्विड ती न फोडता शेडमध्ये एकावर एक रचून ठेवत होता. एकदा ती म्हणाली होती, "अरे, बंद कर की ते." तो "हो" म्हणाला, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा आलं. ते तरी काय होतं? आळस होता की... तिनं तेव्हा कधी विचारलं नव्हतं. त्या ढिगात आपणही एक. वडिलांच्या मासिकासारखे. न फोडलेले.

आणि तेवढ्यात पोस्ट ऑफिस. त्याची आठवण यायला नको होती, ती आली. नोव्हेंबरचा पहिला आठवडा असेल. ती दारातून आत, तो बाहेर. टोपी हातात घेतली त्यानं. तिच्या पट्टीकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाला, "डॉक्टरला दाखवलंस?" ती भडकली. आयुष्यभर विचारलं नाही, आता रस्त्यात चारचौघांत विचारतोय! "तुला काय करायचंय?" ती म्हणाली होती. तो म्हणाला, "नाही... दाखव. दाखवायला काही..." आणि तिनं पुढचं ऐकलंच नाही, ती आत निघून गेली, तिकिटं घेण्याच्या रांगेत उभी राहिली, आणि तिला फार बरं वाटलं होतं. कसं झणझणीत उत्तर दिलं म्हणून. दाखवायला काही... काय? हरकत नाही? पैसे पडणार नाहीत? दाखवायला काही होत नाही, असं कुणीही म्हणतं. थेडाही म्हणत होती.

तिनं फोन लावला. तिसऱ्या घंटेला तो "हं" म्हणाला. मागे कसलंसं इंजिन फुरफुरत होतं, मग बंद झालं.

"मी मार्लिस."

"हो."

"तू पाठवलेला कागद मिळाला. लायब्ररीत आलेय. ट्रेम्बाथ सर म्हणतात टक्के ठरवायला पाहिजेत."

"हो. माझा फॉर्म तिथंच अडलाय. तू सांगशील तो लिहितो."

"ऑगस्टपर्यंत अर्धं-अर्धं?"

"चालेल."

एकतीस वर्षांपैकी शेवटचे आठ महिने अर्धे अर्धे झाले, एका शब्दात. तिला हसूच आलं.

"आणि सप्टेंबर ते डिसेंबर," ती म्हणाली, आणि थांबली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, तसा तो प्रश्न. विचारला आणि तो 'अरे हो, राहिलंच' म्हणाला, तर मघापासून जे काही छातीत ऊब धरून बसलंय ते तिथंच विझेल. आणि 'मुद्दाम ठेवलं' म्हणाला तर... तर मग मी कुणाला सोडून आले? कोण होता तो? त्याला मी दिसत होते, तर मग मी कशातून उठून आले? दोन्हींतलं कुठलं जास्त वाईट हे ठरवता येईना.

"ते चार महिने माझ्याकडे लाव," तो म्हणाला. "सगळे. शंभर."

"का?"

"तू काही वापरलंस का त्यातलं? मग?"

"मला माहीतच नव्हतं, आर्विड, माझं नाव आहे म्हणून."

इतकं तिनं टाकलं. आता त्यानं उचलावं. पलीकडे पत्र्यावर पाना ठेवल्याचा आवाज आला.

"ते बँकेतून आपोआप जातं," तो म्हणाला. ताकाला तूर लागू देईल तर तो आर्विड कसला! मग, "मनगट कसं आहे?"

"बरं आहे."

"बरं," तो म्हणाला आणि फोन बंद झाला. तो तसाच ठेवतो. येतो, ठेवतो, भेटू, असं काही म्हणायची त्याच्या घरात पद्धतच नव्हती, त्याची आईसुद्धा बोलणं संपलं की उठून जायची. पहिल्या वर्षी मार्लिस कितीदा बंद झालेल्या फोनवर बोलत राहिली होती.

"पहिली ओळ पन्नास," परत येऊन तिनं सांगितलं. "दुसरी... ते चार महिने सगळे त्याच्याकडे."

"उत्तम. म्हणजे तुझ्या बाजूला शून्य." सरांनी संगणकावर अंक टाकायला बोट उचललं. "शहाणा आहे गडी. त्यात तुझाच फायदा आहे, काही परत भरायला नको."

शून्य. सप्टेंबर ते डिसेंबर – शून्य. तिनं पडद्याकडे बघितलं, त्या रिकाम्या चौकोनाकडे. फायदा होता, मान्य. आणि खरंही तेच होतं : ती तेव्हा कुठंच नव्हती, ना त्या घरात, ना धड बेकरीवरच्या खोलीत. पट्टी गुंडाळलेलं मनगट, बारा पायऱ्या, टबात आधी खाली बसणं... सगळ्याचा हिशेब शून्य. पण कागदावर नाव होतं ना! आपोआप राहिलेलं असो नाहीतर राखलेलं असो, होतं. चार महिने जगात कुठंतरी आपण दोघांतल्या एक होतो, आणि ते आपल्याला कळलं नाही म्हणून ते झालंच नाही?

"सर, शून्य नका लिहू."

"मग?"

"एक लिहा."

"एक टक्का?" सरांनी चष्म्यावरून बघितलं. "एकानं काय होणार आहे? उलट तुझेच चार-दोन डॉलर जातील."

"जाऊ देत."

"बरं, जाऊ देत. पण त्यानं शंभर लिहिलं तर तुमचे एकशे एक होतील. त्याला नव्याण्णव लिहायला सांग." मग त्यांचा आवाज खाली आला, शाळेत फळ्यासमोर रडणाऱ्या मुलीशी बोलताना यायचा तसा. "जा. मी थांबतो."

ती बाहेर नाही गेली. कोट टांगायच्या खुंट्यांपाशी, ओल्या लोकरीच्या वासात, भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. या वेळी त्यानं पहिल्याच घंटेला उचलला.

"त्या चार महिन्यांतला एक टक्का माझ्याकडे राहू दे," ती म्हणाली. घाईत म्हणाली, नाहीतर म्हणता आलं नसतं. "तू नव्याण्णव लिही."

का, असं त्यानं विचारलं असतं तर तिच्याकडे उत्तर नव्हतं, आणि त्यानं विचारावं असं तिला इतकं वाटत होतं की तिनं समोरच्या कुणाच्या तरी कोटाची बाही मुठीत धरली. उजव्या मुठीत. कळ कोपरापर्यंत गेली.

"एक," तो म्हणाला.

"हो."

"थांब."

खण ओढल्याचा आवाज. कागद. मग पेन्सिल – तो फॉर्मसुद्धा पेन्सिलीनं भरतो, मग वरून पेन फिरवतो. तिला ते खरखरणं स्पष्ट ऐकू आलं : एक नऊ, दुसरा नऊ. मग पुन्हा तेच, त्याच्यावरूनच. दोनदा.

"लिहिलं," तो म्हणाला.

आता विचार, तिनं स्वतःला सांगितलं. आत्ता. पण तो प्रश्न मघापासून जिथं होता तिथं आता नव्हता. तिथं दुसरंच काही वर येत होतं, राग नव्हे, माया नव्हे, नुसतं एक साधं खरं, जे ऑक्टोबरपासून तिनं थेडाला सांगितलं नव्हतं, पोस्टाच्या दारात सांगितलं नव्हतं, अर्ध्या तासापूर्वी सांगितलं नव्हतं.

"आर्विड, दुखतं रे," ती म्हणाली. "मनगट. थंडीत फार दुखतं."

पलीकडे शांत होतं. तो ऐकत असेल, किंवा 'लिहिलं' म्हणून त्यानं केव्हाच फोन ठेवून दिला असेल. त्याची शांतता आणि बंद फोनची शांतता यांतला फरक तिला एकतीस वर्षांत कधी ओळखता आला नव्हता. कानापासून काढून बघितलं असतं तर पडद्यावर लगेच कळलं असतं. तिनं काढला नाही. कोटाची बाही तिच्या मुठीत होती, मनगटातली कळ अजून ओसरली नव्हती, आणि ती फोन कानाशी धरून, आपण एकट्याच बोलतो आहोत असं आज पहिल्यांदाच गृहीत न धरता, त्याला सांगत राहिली – जिना, तिसरी पायरी, ते बारीक वाजणं...